लाजराचं नाव होतं, शेठचं नव्हतं

चौक ते खोपोली या पट्ट्यात गेल्या अठ्ठावीस वर्षांत ज्याचं लग्न लागलं, त्याला स्वतःच्या लग्नातलं दुसरं काही आठवो न आठवो, भिवाजीचा आवाज आठवतोच. अंतरपाट धरलेला असायचा, नवरदेव फेट्याखाली घामानं निथळत असायचा, भटजींनी तिसरं मंगलाष्टक उचललेलं असायचं आणि तेवढ्यात कर्ण्यातून भिवाजी सांगायचा, "आत्ताच, अगदी आत्ताच, आपल्या सर्वांचे आधारस्तंभ..." भटजी थांबायचे. नवरदेव थांबायचा. मुहूर्तसुद्धा दोन मिनिटं थांबायचा, कारण आधारस्तंभ अजून गाडीतून उतरत असायचे.

भिवाजी हा लग्नातला निवेदक. गावात त्याला मायकवाला म्हणतात आणि तो ते ऐकू न आल्यासारखं करतो. काम एकच, मांडवात कोण आलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लग्नाला आलेला माणूस वधूवरांना आशीर्वाद द्यायला येतो, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. तो आपलं नाव ऐकायला येतो. नाव आलं की शाल घेतो, नारळ घेतो, चार जिलब्या खातो आणि पुढच्या मांडवाकडे गाडी वळवतो. नाव नाही आलं तर रुसतो.

या रुसण्यालाही रीत आहे. रुसलेला माणूस घरी जात नाही. घरी गेला तर समजूत कोणाची काढणार? तो गाडीत जाऊन बसतो, काच वर करतो आणि समोर बघत राहतो. मग वरबापानं यायचं, काचेवर टकटक करायची, हात जोडायचे. पहिल्यांदा तो "आमची भूक नाय" म्हणतो. दुसऱ्यांदा "तसं काय नाय हो" म्हणतो. तिसऱ्यांदा उतरतो. तोपर्यंत जेवणं खोळंबलेली.

भिवाजीची ख्याती अशी, की त्याच्या माइकवर कोणी रुसल्याचं अठ्ठावीस वर्षांत घडलं नव्हतं. तो माणसं गाडीवरून ओळखायचा. फाटकातून गाडी आत आली, की दरवाजा उघडून पाय जमिनीला लागायच्या आत नाव हवेत गेलेलं असायचं. त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात माणसांचे तीन वर्ग केलेले होते: 'आदरणीय', 'सन्माननीय' आणि 'तसेच'. 'तसेच'मध्ये उरलेली सगळी मानवजात. "तसेच इतर सर्व पाहुणे मंडळी" एवढ्या चार-पाच शब्दांत भिवाजी तिला उरकायचा.

हा धंदा त्याच्याकडे आला तोही असाच. लोधिवलीचा पोरगा, खोपोलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी गावच्या जत्रेत त्याच्या हाती माइक लागला. एक मूल हरवलं होतं. त्या मुलाचं वर्णन भिवाजीनं इतकं भरघोस केलं, की मुलाची आई न्यायला यायची सोडून ऐकतच उभी राहिली. जत्रा कमिटीनं ओळखलं, की हा माणूस पॅकिंगमध्ये वाया जात होता.

गेल्या दिवाळीनंतर मात्र आवाज फाटायला लागला. 'आदरणीय' म्हणताना 'आद' यायचं आणि 'रणीय' घशातच राहायचं. खोपोलीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यावर ओरडून ओरडून गाठ आली होती. साधीच होती, पण काढावी लागणार होती आणि नंतर तीन आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नव्हतं. पुटपुटायचंही नाही.

"तीनच?" बायकोनं, छायानं विचारलं.

दोन दिवस दवाखान्यात काढायचे होते. हातात पोरीची, समिधाची जुनी पाटी. बोलायचं ते तिच्यावर लिहायचं. खाटेशेजारच्या कपाटात एक पातळसं पुस्तक सापडलं, कोणीतरी ठेवून गेलेलं, लूकचं शुभवर्तमान. भिवाजीनं आयुष्यात वही सोडून काही वाचलं नव्हतं, पण तोंड बंद असलं की डोळ्यांना काम लागतं. त्यानं पहिलं पान उघडलं आणि अर्ध्या तासात खाटेवर उठून बसला.

कारण पहिल्याच प्रकरणात एका माणसाचा आवाज जातो. जखऱ्या नावाचा म्हातारा भटजी देवळात धूप घालत असतो. देवदूत येऊन सांगतो, तुला मुलगा होईल. म्हातारा आपला साधा प्रश्न करतो, आमचं वय बघा, हे खरं कशावरून? झालं. मूल जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत वाचा बंद. बिचारा पाटीवर लिहून दाखवतो.

भिवाजीनं घंटा वाजवली. सुप्रिया सिस्टर आल्या. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती, रुंद चेहऱ्याच्या आणि कोणालाही न घाबरणाऱ्या. भिवाजीनं पाटी पुढे केली: "ही माझी केस आहे."

सिस्टरांनी पुस्तक पाहिलं आणि हसल्या. "तुमची गाठ होती, त्याची शंका होती."

भिवाजीनं पुसून पुन्हा लिहिलं: "पुढे मरियेनं पण तेच विचारलं, हे कसं होणार म्हणून. तिला काय नाय केलं. वशिला?"

"तो देवळातला मानकरी होता, भिवाजीराव. ती गावातली पोरगी. या पुस्तकात मानकऱ्यांना मार जास्त बसतो. वाचा पुढे."

भिवाजी पुढे वाचत गेला, पण भक्तासारखा नाही. एका मायकवाल्यानं दुसऱ्याचा कार्यक्रम ऐकावा तसा, चुका काढत. गरोदर मरिया गाणं म्हणते, की देवानं गादीवरच्यांना खाली ओढलं, भुकेल्यांना जेवू घातलं आणि पैसेवाल्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. भिवाजीनं समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'हे मांडवात म्हटलं तर लग्न मोडेल.' तिसऱ्या प्रकरणात येशूची वंशावळ आली, सत्तर-पंचाहत्तर नावं, एकामागून एक, थेट आदामापर्यंत आणि तिथून देवापर्यंत. त्यानं लिहिलं, 'दम पाहिजे. आपल्याकडे पणजोबाच्या पुढं गेलं की सातबाऱ्याचा वाद सुरू.'

पण त्याला खरा धक्का बसला तो त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला. लूक तिथं मान्यवरांची नावं घेतो. अगदी रीतीनं, वरून खाली: तिबिर्य कैसर, मग सुभेदार पिलात, मग हेरोद, त्याचा भाऊ फिलिप्प, मग आणखी एक लुसनिय, मग मुख्य याजक हन्ना आणि कयफा. सात नावं! भिवाजीच्या अंगावर रोमांच आले. हा माणूस धंद्यातला होता! आता या सातांपैकी कोणाच्या हाती माइक जातो ते बघू, म्हणून त्यानं पान उलटलं, तर देवाचा शब्द गेला कोणाकडे? रानात राहणाऱ्या योहानाकडे. सातही जण स्टेजवर बसून राहिले आणि माइक गेला जंगलातल्या माणसाच्या हातात.

भिवाजीनं पुस्तक मिटलं. असा अपमान त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मग पुन्हा उघडलं, कारण तो करावा कसा, हेही त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पुस्तक त्यानं घरी आणलं. शेजारचा संतोष मंडपवाला ओट्यावरून बघत होता. "भिवाजी, सांबाळून हां. आज वाचतोस, उद्या बाप्तिस्म्याला पाण्यात बुडवतील."

भिवाजीनं पाटी दाखवली: "मला पोहता येतं."

छायाची काळजी वेगळी होती. "तुमी कायपन वाचा. पन तो कशेळ्याचा विपुल हाय ना, त्यानं नवीन मशीन आनलंय, आवाज घुमतो म्हनं. तुमच्या चार तारखा त्यानं उचलल्या. रूपेशशेठच्या पोराचं लगीन तेवढं राह्यलंय तुमच्याकडं. ते नीट करा. ते बिघडलं तर आपला मायक गेला, आनि मंग मला आयुष्यभर घरात तुमचं भाषण ऐकावं लागंल."

शेवटचं तिनं जरा जास्तच घाबरून म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात भिवाजी सोळाव्या प्रकरणाला पोचला. तिथं एक श्रीमंत माणूस आहे. जांभळे कपडे घालतो, रोज मेजवानी. त्याच्या दाराशी एक भिकारी पडलेला, अंगभर फोड, नाव लाजर. दोघंही मरतात. लाजर वर जातो, शेठ खाली भाजत बसतो. गोष्ट ठीक होती, पण भिवाजीला काहीतरी खुपत राहिलं. त्यानं गोष्ट दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा. शेठचं नाव कुठे आहे?

नव्हतंच. कपड्यांचा रंग होता, जेवणाचं वर्णन होतं, भावांची संख्यासुद्धा होती. नाव नव्हतं. भिवाजीनं तांबडं पेन घेऊन येशूनं सांगितलेल्या एकूण एक गोष्टी तपासल्या. एका माणसाला दोन मुलगे होते, नाव नाही. एक माणूस यरीहोच्या वाटेवर लुटला गेला, नाव नाही. विधवा, न्यायाधीश, कारभारी, मेजवानी देणारा, कोणालाच नाव नाही. सगळ्या गोष्टींत नाव दिलेला भाग्यवान एकच, दारातला भिकारी.

तपासणीच्या दिवशी तो पाटी घेऊनच सिस्टरांसमोर उभा राहिला: "शेठला 'तसेच'मध्ये टाकलाय!"

"आत्ता कळलं तुम्हाला," सुप्रिया सिस्टर म्हणाल्या. "देवाच्या वहीत कोणाचं नाव वर असतं ते सांगायलाच लिहिलंय ते. आता तोंड उघडा. आ करा. मोठा."

घशातली जखम चांगली भरली होती. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. तीन आठवड्यांनी भिवाजीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो सिस्टरांना उद्देशून "थँक्यू" असा होता आणि तो त्यानं सवयीनं इतका लांबवला, की बाहेरचे पेशंट उभे राहिले.

रूपेशशेठच्या पोराचं लग्न लोधिवलीजवळच्या एका लॉनवर होतं, जुन्या हायवेला लागून. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. रूपेशशेठचा जमिनी घ्यायचा-विकायचा धंदा. त्यामुळे या तालुक्यातले झाडून सगळे आधारस्तंभ येणार होते. त्यांत मुख्य जितेशभाऊ. कसल्याशा समितीचे माजी सभापती, पण 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही, हे भिवाजीच्या वहीत लाल अक्षरात होतं.

सकाळी नऊला भिवाजी लॉनवर पोचला आणि थेट मागच्या बाजूला गेला, जिथं भांडी घासतात. तिथं कशेळ्याची बाई होती. सगळा पट्टा तिला कशेळ्याची बाई म्हणतो. कशेळ्याच्या वरच्या वाडीवरून सहा बायका घेऊन जीपनं येते, टोप-कढया घासते, बुफेच्या थाळ्या धुते आणि उरलंसुरलं बांधून संध्याकाळच्या जीपनं जाते. भिवाजीनं तिला किमान शंभर लग्नांत पाहिलं होतं आणि तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. ज्या माणसाला फाटकातल्या गाडीवरून सभापतीचा साडूसुद्धा ओळखता येतो, त्याला.

"मावशी, तुमचं नाव काय?"

तिनं कढईतून मान वर केली. "का रं? काय गेलं?"

"काय नाय गेलं. सहज."

"सहज नाव कोन इचारतं? मागं एका लग्नात पितळंची पळी हरवली, तवा इचारलं व्हतं."

"अहो, मायकावर घ्यायचंय."

"मायकावर? मी काय हरवलीय का?" बाकीच्या बायका खुसखुसल्या. भिवाजी हलत नाही असं पाहून तिनं हात झटकले. "गौराबाई. झालं? आता पाय उचल, पानी येतंय."

भिवाजीनं ठरवलं होतं ते असं: मान्यवर सगळे आटोपले, की मध्येच कुठंतरी, भाजीत मीठ टाकावं तसं, हे एक नाव हळूच सोडून द्यायचं. कोणाच्या लक्षात येणार नाही, लाजराचं ऋण फिटेल आणि माइक शाबूत राहील. धर्म आणि धंदा दोन्ही. योजना उत्तम होती. ती सव्वाबारापर्यंत टिकली.

सव्वाबाराला फाटकातून जितेशभाऊंची पांढरी गाडी आली. माइक हातात, मांडव गच्च. गाडीचा दरवाजा उघडला. पांढरा बूट बाहेर आला. आणि भिवाजीच्या डोळ्यांसमोर ती सात नावं आली, कैसरापासून कयफापर्यंत, स्टेजवर रांगेनं बसलेली. मोह अनावर झाला.

"आत्ताच, अगदी आत्ताच," भिवाजीचा नवाकोरा आवाज हायवेपर्यंत गेला, "ज्यांच्या कष्टाळू हातांशिवाय या दोन तालुक्यांतलं एकही मंगलकार्य पार पडलेलं नाही, अशा आपल्या सर्वांच्या आदरणीय... गौराबाई! यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे! रूपेशशेठ परिवाराच्या वतीनं त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!"

अर्धे हात जोडून गाडीतून उतरणारे जितेशभाऊ अर्धेच राहिले.

आपल्या लोकांचा एक गुण आहे. कर्ण्यातून 'आदरणीय' म्हणून जे काही येईल त्याला ते उठून उभे राहतात. पुढच्या तीन रांगा उभ्या राहिल्या. सनईवाल्यानं तान घेतली. शाल-नारळ सांभाळणारे दोघे जण तबक घेऊन धावले.

"कोन रं गौराबाई?" एकानं धावता धावता विचारलं.

"अरे, महिला आघाडीच्या," दुसरा म्हणाला. "मी वळखतो. गेल्या महिन्यात फोटो काढलाय मी त्यांच्यासंगती."

त्या दोघांनी बायकांचे सोफे धुंडाळले, एका डॉक्टरीणबाईंना शाल घालता घालता राहिले आणि शेवटी एका वाढप्यानं मागची वाट दाखवली. तिथं कोपरापर्यंत फेसात बुडालेल्या गौराबाईंच्या खांद्यावर शाल पडली. आघाडीवाल्यानं फोटोही काढला. आता काढला नसता तर आधीचा खोटा ठरला असता.

इकडे जितेशभाऊ मागच्या मागे गाडीत बसले, काच वर केली आणि समोर बघू लागले.

रूपेशशेठ माइकपाशी आले तेव्हा त्यांचा रंग नवरदेवाच्या फेट्यासारखा झाला होता. "भिवाजी, ती भांडीवाली हाय!"

"हो, शेठ."

"आनि भाऊ गाडीत जाऊन बसलं!"

"हो, शेठ."

"हो काय? माझ्या चार फाइली अडकल्यात त्यांच्याकडं. आत्ताच्या आत्ता सांग मायकावर, चुकून नाव घेतलं. ती कोन, काय, आमाला म्हायती नाय. आनि मंग भाऊंचं नाव तीन येळा घे. नायतर मायक ठेव आनि चालू लाग. विपुल बाहेर उभाच हाय, जेवायला आलाय."

भिवाजीनं फाटकाकडे पाहिलं. विपुल खरंच उभा होता आणि घसा साफ करत होता. भिवाजीला छाया दिसली, समिधाची कॉलेजची फी दिसली, घरात बसून भिंतीला भाषण देणारा स्वतः दिसला. लूकच्या पुस्तकात पेत्र नावाचा शिष्य आहे. गुरूला पकडून नेल्यावर तो अंगणात शेकोटीपाशी बसतो आणि तीनदा सांगतो, की मी त्या माणसाला ओळखत नाही. ते वाचताना भिवाजी त्याला खूप हसला होता. पेत्रानं निदान माइकवर तरी सांगितलं नव्हतं.

"एक सूचना," भिवाजी म्हणाला. आवाज पुन्हा फाटल्यासारखा आला. "मघाशी घेतलेलं एक नाव... नजरचुकीनं घेतलं गेलं. सदर महिलेचा... आयोजकांशी संबंध नाही. क्षमस्व."

मग त्यानं जितेशभाऊंचं नाव तीनदा घेतलं. काच खाली झाली नाही. तीनदा टकटक व्हायची होती आणि रूपेशशेठांना अंतरपाट धरायला भटजींनी बोलावलं होतं.

कर्णे चार होते. त्यांतला एक मागे भांड्यांच्या बाजूला होता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या आणि सातशे माणसं बुफेवर तुटून पडली. पहिल्या वीस मिनिटांत थाळ्यांचा ढीग संपला. वाढप्यानं मागे हाक मारली, "थाळ्याऽऽ!" उत्तर आलं नाही. तो मागे गेला आणि पळत परत आला. उष्ट्या थाळ्यांचा डोंगर होता, नळ चालू होता आणि माणूस एक नव्हतं. सातही बायका हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. पुढच्या सीटवर गौराबाई, अंगावर शाल, मांडीवर नारळ. समोर बघत.

एका दिवसात ती मान्यवर झाली होती आणि मान्यवरांची पहिली विद्या तिला कोणी शिकवावी लागली नव्हती.

मांडवात पाचशे माणसं हात धुऊन उभी होती. नवरीचा मामा म्हणाला, "थाळीत देणार का वंजळीत?" रूपेशशेठ आधी पांढऱ्या गाडीकडे धावले, मग थबकले, मग मागे वळून पुन्हा त्या पाचशे माणसांकडे पाहिलं. जितेशभाऊंशिवाय लग्न जेवू शकत होतं. थाळ्यांशिवाय नाही. रूपेशशेठ जीपकडे धावले आणि भिवाजी त्यांच्या मागे.

"मावशी, चला ना," रूपेशशेठनी जीपच्या दांडीला धरून म्हटलं.

"आमचा काय संबंध?" गौराबाई समोर बघत म्हणाली. "मायकावर सांगितलं की, चूक झाली म्हून. चुकीच्या मानसानं थाळ्या कशापायी घासाव्या?"

"आवो, तो यडा हाय! आजारातून उठलाय!"

"मंग त्यानंच यावं."

भिवाजी पुढे झाला. अठ्ठावीस वर्षांत त्याला शब्द कमी पडले नव्हते. आता एकही विशेषण सुचेना. "मावशी, मी घाबरलो. तुमचं नाव मी मुद्दामच घेतलं होतं. मागं घेतलं ते खोटं."

गौराबाईनं पहिल्यांदा मान वळवली. "मला त्या नावाचं काय करायचंय रं? ते काय मी शिजवून खानार हाय? पन एकदा दिल्यावर काढून का घेतलंस? आनि एवढ्या मानसांम्होरं?" मागच्या सीटवरच्या बायकांकडे तिनं बोट केलं. "ही बुधी, ही सोमी, ही चांगुणा, ही बाळी, ही येसू, ही हिरा. यांनी काय कमी घासलंय? घ्यायचं तर समद्यांचं घे. नायतर आमी ह्याच जीपनं चाललो."

रूपेशशेठनी भिवाजीकडे पाहिलं. "घे बाबा. घे. कोनाचं पन घे. माझ्या आजीचं पन घे."

भिवाजी माइकवर आला आणि सात नावं घेतली. एकेक, सावकाश, मध्ये श्वास घेऊन, जशी त्यानं आयुष्यात कोणा सभापतीची घेतली नव्हती. गौराबाई, बुधीबाई, सोमीबाई, चांगुणाबाई, बाळीबाई, येसूबाई, हिराबाई. मुक्काम कशेळ्याची वरची वाडी. मघाची क्षमा मागे घेण्यात येत आहे. प्रत्येक नावाला मांडवात टाळ्या पडल्या. त्या नावांना होत्या की येऊ घातलेल्या थाळ्यांना, हे सांगता येणार नाही, पण पडल्या. मागे नळाखाली खणखणाट सुरू झाला.

पांढऱ्या गाडीत जितेशभाऊ वाट बघत होते. रुसून पाऊण तास झाला, अजून पहिली टकटक नाही. काच थोडी खाली करून पाहिलं, तर सगळं लग्न दुसऱ्याच कोणाची समजूत काढायला जीपकडे पळालेलं. भुकेचा नियम रुसव्याच्या नियमाहून जुना आहे. भाऊ आपले आपण उतरले, रांगेत शेवटी उभे राहिले आणि हातात आलेली ओली थाळी धोतराच्या सोग्याला पुसून घेतली. मान खाली घालून शेवटी बसणाऱ्याला यजमान वर बोलावतो, असं लूकच्या पुस्तकात आहे. इथं कोणी बोलावलं नाही. सगळे जेवत होते.

पण राजकारणी माणूस वाया जात नाही. तिसऱ्या पुरीपर्यंत भाऊंचा हिशेब झाला होता. सात नावं म्हणजे सात घरं, सात घरांमागे अख्खी वाडी, आणि वाडी नाव घेतलेलं विसरत नाही. हात धुऊन ते थेट मागे गेले, भांड्यांच्या मधोमध उभं राहून सातही जणींबरोबर फोटो काढून घेतला आणि येताना भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या महिन्यात पुतणीचं लगीन हाय. मायक तुझा. ती भांडीवाल्यांची नावं घ्यायची तुझी टूम झकास हाय. फक्त त्यांच्या आधी माझं घे."

विपुल जेवून निघून गेला. छायाला फोन लावून भिवाजीनं माइक वाचल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "देवाची किरपा." कोणत्या, ते तिनं सांगितलं नाही.

फोन ठेवतो तोच संतोष मंडपवाला कमरेवर हात ठेवून उभा. "भांडीवाल्यांचं नाव घेतलंस. मांडव काय आभाळातून पडला?" त्याच्यामागे आचारी, त्याच्यामागे सनईवाला. आचाऱ्याचं म्हणणं, भांडी घासण्याआधी त्यांत शिजवावं लागतं, तेव्हा त्याचं नाव बुधीच्या वर पाहिजे. सनईवाल्याचं म्हणणं, आचारी कालचा. भिवाजीला आठवलं, की येशूच्या शेवटच्या जेवणातसुद्धा, गुरू उद्या मरणार म्हणून सांगत असताना, ते बारा जण आपल्यात मोठा कोण यावरून भांडत होते. वाचताना त्याला ते खोटं वाटलं होतं. आता वाटलं, लूक नक्की एखाद्या मांडवात काम करून आलेला असणार.

चार वाजता लॉन रिकामा झाला तेव्हा भिवाजी जेवला आणि स्वतःची थाळी स्वतः घेऊन मागे गेला. बायका पातेल्या उपड्या घालत होत्या. शाल घडी करून पिशवीत गेली होती, नारळ फोडून सातजणींनी खाल्ला होता.

"किती वर्सं येताय, मावशी, या कामाला?"

"तुज्या आदीपास्नं. तवा तर आठजन व्हतो आमी. माझा दादला पानी भरायचा." तिनं बोरिंगच्या टाकीकडे हनुवटी वळवली. "हितंच, त्या टाकीवर. त्याला जाऊन धा वर्सं झाली. तवा तीन लग्नांना मी आले नव्हते."

ती तीन लग्नं भिवाजीनंच पुकारली असणार. कोणीतरी कमी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. टाकीवरचा माणूस त्यानं आठवून पाहिला. ओला शर्ट आठवला, हातातला पाइप आठवला. वर चेहरा येईना.

"नाव काय होतं त्यांचं?"

गौराबाईनं थाळी त्याच्या हातातून घेतली. एवढ्या लग्नांत नवरीमुलींना नवऱ्याचं नाव उखाण्यात घेताना तिनं मागून ऐकलं होतं. तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं, की घे. ती जरा लाजली, पदर पुढे ओढला आणि थाळीकडे बघत म्हणाली, "गोमा."

भिवाजी काही बोलणार तेवढ्यात तिनं राखेचा हात वर केला.

"त्ये मायकावर नको हां. त्याला गर्दी सोसायची नाय."